एकट्याने केलेली अ‍ॅनिमेशन फिल्म दुसऱ्यांना दाखवताना

तुमचा प्रश्न मी थोडक्यात मांडते. साडेचार मिनिटांची टू-डी अ‍ॅनिमेटेड शॉर्टफिल्म तुम्ही चौदा महिने एकट्याने करताय. अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं वेळेप्रमाणे आवाजासह जोडून केलेला फिल्मचा आराखडा, पूर्ण आहे, निम्म्याहून जास्त शॉट रंगवून झालेत. अ‍ॅनिमेशन करणाऱ्या काही ओळखीच्यांना आणि काही मित्रांना तुम्ही फिल्म पाठवलीत. एकाने ‘मस्त’ म्हणून विषय संपवला. दोघं म्हणाले, मधला भाग रेंगाळतो. एकाला शेवट कळलाच नाही आणि एकीच्या मते तोच शेवट नको इतका उघड आहे. शिवाय सुरुवातीच्या शॉटांमधली चाल कच्ची आहे, हे तुमचं तुम्हालाच खुपतंय. कोणाचं ऐकायचं, जुने शॉट पुन्हा करायचे का, आणि थांबायचं कधी?

मी सोळा वर्षं अ‍ॅनिमेशन करते आहे. त्यात चार छोट्या फिल्म एकटीने केल्या. त्या अनुभवावरून आधी एक सांगते: या पाचही जणांना जे वाटलं ते खरंच वाटलं आहे, ते तसंच मान्य करा. पण त्यांनी सुचवलेला उपाय मात्र इतक्यात हाती घेऊ नका. फिल्म पाहणाऱ्याला कुठे टोचलं ते नेमकं कळतं. काटा कुठला, हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण तो काटा फिल्ममध्ये बराच आधी कुठेतरी रुतलेला असतो.

माझ्या तिसऱ्या फिल्ममध्ये हे मी फार महागात शिकले. गोष्ट साधी होती. मोठी बहीण धाकट्या भावाला सायकल शिकवते, आणि दुसऱ्या दिवशी ती घर सोडून जाणार आहे. संवाद एकही नाही. मधोमध अकरा सेकंदांचा एक सलग शॉट होता. ती सीट धरून मागे पळते आहे, बस्स. अ‍ॅनिमॅटिक सहा जणांना दाखवलं. चौघांनी एकच सांगितलं: पळण्याचा शॉट लांबतोय, कापा. एकाने संगीत जलद करायला सुचवलं. चौघं एकमताने बोलतायत म्हटल्यावर मी तो शॉट सहा सेकंदांवर आणला. तोवर त्याचं रफ अ‍ॅनिमेशन (हालचालीची कच्ची चित्रं) झालं होतं, म्हणजे बारा चित्रं सेकंदाला या हिशोबाने साठ चित्रं बाजूला गेली. पुन्हा दाखवलं, तर आता म्हणे फिल्म घाईची वाटते, शेवटी काही वाटतच नाही.

तेव्हा मला सुचलं ते असं की यावेळी मतच विचारायचं नाही. दोन नव्या लोकांना फिल्म दाखवली आणि एवढंच म्हटलं, “काय काय झालं ते मला गोष्टीसारखं सांगा.” दोघांनी गोष्ट छान सांगितली, आणि दोघांच्याही गोष्टीत बहीण कुठेच जात नव्हती. त्यांच्यासाठी ती फक्त सायकल शिकवण्याची गोष्ट होती.

बहीण जाणार हे मी कुठे सांगितलं होतं? तिसऱ्या शॉटमध्ये, दाराशी ठेवलेल्या सुटकेसमधून. ती सुटकेस चौदा फ्रेम (सेकंदाला चोवीस) दिसत होती, जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या वर. आणि नेमक्या त्याच चौदा फ्रेममध्ये भाऊ पुढून डावीकडून उजवीकडे धावत जात होता. चित्रात काही हलत असेल तर डोळा तिकडेच जाणार. माझ्या डोळ्यांना ती सुटकेस दर वेळी दिसायची, कारण ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं.

मग मी भावाला आधी चौकटीबाहेर जाऊ दिलं. तो गेल्यावर रिकामं दार, सुटकेस, आणि दोन सेकंद पूर्ण स्तब्ध. त्यासाठी एकही नवीन चित्र काढावं लागलं नाही, नुसता होल्ड, म्हणजे तेच चित्र पडद्यावर ठेवण्याचा वेळ, वाढवला. आणि पळण्याचा शॉट पुन्हा अकरा सेकंदांचा केला. कापलेली साठ चित्रं मी पुसली नव्हती, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, ते बरं झालं. यानंतर ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यातल्या कोणीही तो शॉट लांब आहे असं म्हटलं नाही. उद्या ती नसणार हे माहीत असलं की ती पळताना पाहणाऱ्याला वाटतं, अजून थोडं पळू दे.

आता तुमच्या दोन तक्रारी या उजेडात पाहा. मधला भाग रेंगाळतो म्हणणारे दोघं तुम्हाला मधल्या भागाबद्दल सांगतायत असं धरू नका. त्या क्षणापर्यंत त्यांना काय कळलेलं नाही, ते शोधा. माणूस कंटाळतो तो बहुतेक वेळा संथपणाने नव्हे. आपण कशाची वाट पाहतोय हे त्याला माहीत नसतं, म्हणून कंटाळतो.

आणि शेवटाबद्दलची ती दोन टोकं! मला तर तो तुमच्या हाती लागलेला सगळ्यात मोलाचा फीडबॅक वाटतो. एकाला शेवट कळत नाही आणि दुसरीला तो उघड वाटतो, याचं एक अगदी सरळ कारण असू शकतं: तुमची महत्त्वाची खूण एकाच ठिकाणी आहे. जिने ती आधीच पकडली तिला शेवटी सगळं पुन्हा समजावून सांगितल्यासारखं वाटलं. ज्याची ती निसटली त्याला शेवटाला धरायला काही उरलंच नाही. या दोघांची सरासरी काढून शेवट थोडासा उघड केलात तर दोघंही नाराज होतील. शेवटाला हातच लावू नका. ती खूण कुठल्या शॉटमध्ये आहे, किती फ्रेम दिसते, त्या वेळी चित्रात आणखी काय हलतंय, एवढं तपासा. आणि हो, त्या दोघांना विचारा की फिल्म कशावर पाहिली. फोनवर, आवाज बंद ठेवून पाहिली असेल तर पार्श्वभूमीतली लहान वस्तू आणि दाराबाहेरचा आवाज, दोन्ही गेले म्हणून समजा.

एकट्याने काम करताना हे फार होतं. स्टुडिओत एक शॉट तुमच्याकडून पुढे जाईपर्यंत लेआउट (चौकटीची मांडणी) करणारा, क्लीन-अप (कच्च्या रेषा साफ) करणारा, एडिटर, दिग्दर्शक अशा चार-पाच जणांच्या नजरेखालून जातो. कोणी ना कोणी सहज विचारतं, “ही सुटकेस कोणाची?” आणि तिथेच चूक पकडली जाते. एकट्याला हे विचारणारं कोणी नसतं. एकेक शॉट शेकडो वेळा मागे-पुढे करून पाहिलेला असतो, आणि फिल्म पहिल्यांदा पाहणं ही गोष्ट तुमच्या आयुष्यातून कायमची गेलेली असते. ती परत मिळत नाही. दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते.

म्हणून कोरा प्रेक्षक ही तुमच्याकडची सगळ्यात दुर्मीळ गोष्ट समजा. एक माणूस तुमची फिल्म पहिल्यांदा एकदाच पाहू शकतो. दहा माणसं हाताशी असतील आणि पहिल्या उत्साहात दहाही जणांना कच्चं अ‍ॅनिमॅटिक पाठवून मोकळे झालात, तर पुढच्या वर्षभरात ‘कळतंय का?’ हा प्रश्न विचारायला तुमच्याकडे कोणी राहत नाही. त्या सगळ्यांना आता गोष्ट माहीत आहे. मी नावं लिहून ठेवते: अ‍ॅनिमॅटिकला तिघं, रफ अ‍ॅनिमेशनला तिघं, आणि दोन माणसं अशी जी चित्र आणि आवाज दोन्ही पूर्ण होईपर्यंत एक फ्रेमही पाहणार नाहीत. त्यांना मी गोष्टसुद्धा सांगत नाही, कितीही विचारलं तरी.

‘एकट्याने’ या शब्दाचं ओझंही थोडं उतरवून ठेवा. अ‍ॅनिमेशनच्या सुरुवातीच्या काळातले अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांचं नाव एकट्याने हजारो चित्रं काढणारा माणूस म्हणून घेतलं जातं. १९१४ साली डायनासोरवरची त्यांची प्रसिद्ध फिल्म आली, तेव्हा प्रत्येक कागदावर तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा उतरवण्याचं काम त्यांनी एका तरुण सहायकाकडे दिलं होतं. आपल्या काळातलं उदाहरण लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचं. पंचाहत्तर मिनिटांची ‘अवे’ त्यांनी साडेतीन वर्षांत स्वतः एकट्याने केली, ती २०१९ मध्ये आली. आणि त्याच दिग्दर्शकाने पुढची ‘फ्लो’ मात्र इतरांना सोबत घेऊन केली. तिला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. एकट्याने करणं ही कामाची एक रीत आहे. दुसऱ्याची नजर घेतली म्हणून फिल्म कमी तुमची होत नाही.

आता पैशापेक्षा मोठा हिशोब, वेळेचा. तुमची फिल्म साडेचार मिनिटं, म्हणजे २७० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम, असं धरलं तरी ३२४० चित्रं. रोज दहा पूर्ण चित्रं होत असतील, तर ३२४ दिवस. आता यात पंधरा सेकंदांचा एक प्रसंग शेवटी नको ठरला की १८० चित्रं गेली, म्हणजे अठरा दिवस. तोच प्रसंग अ‍ॅनिमॅटिकमध्ये काढायला कात्रीचा एक क्लिक लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की एकट्या माणसाने फीडबॅकचा तीन-चतुर्थांश भाग अ‍ॅनिमॅटिकवरच घेऊन टाकावा. चित्रं खडबडीत असू देत, काड्यांची माणसं असू देत, पण वेळ आणि आवाज खरे हवेत. तुम्ही अ‍ॅनिमॅटिक केलंत, पण ते कोणाला दाखवल्याचं प्रश्नात लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की दाखवलं नसावं. चित्रं कच्ची असताना दाखवायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. मलाही वाटायची.

इथे एक अडचण सांगते जी क्वचित कोणी सांगतं. अ‍ॅनिमॅटिकवर आपण आवडतं एखादं उसनं संगीत लावतो. ते संगीत इतकं सुंदर असतं की खालच्या रिकाम्या जागा झाकून टाकतं. पाहणारे भारावतात, आपण खूश होतो, आणि वर्षभराने ते संगीत काढून स्वतःचं लावलं की फिल्म उघडी पडते. म्हणून एकदा तरी संगीताशिवाय दाखवा. पावलांचे, दाराचे, श्वासाचे आवाज ठेवा, संगीत नको. तशी फिल्म उभी राहिली तर ती उभी आहे.

विचारायचं कसं, यावरच मिळणारं उत्तर ठरतं. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘मस्त’ याखेरीज दुसरं उत्तर नसतं, त्यात त्या माणसाचा दोष नाही. लिझ लर्मन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास कलाकृतीवर चर्चा करण्याची एक पद्धत बांधली. आपल्या कामाला ती छान लागू पडते. तिच्यात चार पायऱ्या आहेत. आधी पाहणारे सांगतात, त्यांना काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत दडलेलं नको. म्हणजे ‘शेवट इतका घाईत का उरकला?’ असं चालत नाही, ‘शेवटाच्या वेगाबद्दल काय विचार केला होता?’ असं चालतं. आणि मतं सगळ्यात शेवटी, तीही आधी परवानगी विचारून: ‘संगीताबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ यातली पहिली पायरी लोक औपचारिकता म्हणून उरकतात. मला तीच सगळ्यात उपयोगी वाटते. सहा जणांना काय लक्षात राहिलं याची यादी समोर आली की ज्या शॉटवर तुम्ही तीन आठवडे घालवले तो कोणाच्याच यादीत नाही, हे दिसतं. तेवढ्याने पुष्कळ कळतं.

शक्य असेल तर निदान दोघांना तरी समोर बसवून दाखवा, आणि तुम्ही पडद्याकडे पाहू नका. त्यांच्याकडे पाहा. कागदावर वेळ लिहीत जा: इथे खुर्चीत सरकला, इथे फोनकडे नजर गेली, इथे श्वास थांबला. नंतर माणूस सौजन्याने काहीही म्हणो, १ मिनिट ५० सेकंदाला तिघंही जागच्या जागी हलले असतील तर तिथे काहीतरी आहे. आणखी एक विलक्षण गोष्ट होते. कोणी शेजारी बसलं की तुम्हालाही तुमची फिल्म क्षणभर परकी दिसते. त्याने तोंड उघडायच्या आधीच तुमच्या पोटात गोळा येतो, ‘अरे, हे फारच लांबलंय’. ते लगेच टिपून घ्या.

दाखवण्याआधी मात्र एक शब्द बोलू नका. ‘हे अजून कच्चं आहे’, ‘इथे नंतर पाऊस येणार आहे’, ‘तो खरं तर तिचा मुलगा आहे’, यातलं काहीच नाही. फिल्म कुठेही दाखवली जाईल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहून समजावणार नाही आहात. कुठले शॉट अपूर्ण आहेत तेवढं चौकटीच्या कोपऱ्यात लिहा: रफ, रंग बाकी.

सामान्य प्रेक्षक आणि आपल्याच कामातली माणसं यांना एकच प्रश्न विचारू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. गोष्ट कळते का, कुठे लक्ष उडतं, कोणाची बाजू घ्यावीशी वाटते, हे साध्या प्रेक्षकाला विचारा. अ‍ॅनिमेटर मंडळी या बाबतीत भरवशाची नसतात. आम्ही चित्रांत रमतो, पार्श्वभूमीवरचा ब्रश पाहत बसतो आणि गोष्ट कळली नाही हे कबूल करायला उशीर लावतो. पण हालचालीबद्दल आमच्याशिवाय कोणी नेमकं सांगू शकत नाही. साधा प्रेक्षक ‘हे काहीतरी खोटं वाटतंय’ इथे थांबतो.

त्याच सायकलच्या फिल्ममधला एक अनुभव सांगते. बहीण सीटवरचा हात सोडते, तो शॉट. माझ्या रफमध्ये ४९व्या फ्रेमला तिचा हात सुटायचा, डोकं वर व्हायचं आणि पावलं थबकायची. हालचाल गुळगुळीत होती, हात-डोकं फिरण्याच्या कमानी नीट होत्या, मला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. माझ्याच वयाच्या एका अ‍ॅनिमेटर मैत्रिणीने एकच ओळ पाठवली: “४९ ते ५३, सगळं एकदम सुटतंय. तिने ठरवलं कधी?”

मी तो शॉट पुन्हा उघडला आणि त्या एका प्रश्नाने काय काय बदलायचं ते समोर दिसू लागलं. हात सोडणं ही हालचाल आहे, पण त्याच्या आधी निर्णय आहे, आणि निर्णय डोळ्यांत दिसतो. मग ३७व्या फ्रेमला तिची पापणी मिटली. त्यानंतर सहा फ्रेमनी कोपर किंचित सरळ झालं, म्हणजे धरलेलं असूनही ओढ कमी झाली. बोटं ४९ला सुटायला लागली, पण करंगळी आधी आणि तर्जनी शेवटी, ५७पर्यंत. पावलं थबकली नाहीत. ती आणखी दोन पावलं पळत राहिली, आणि हात दहा फ्रेम तसाच सीटच्या उंचीवर, रिकामा. एकूण अठरा नवी चित्रं लागली. पूर्ण फिल्ममध्ये लोकांना जे आठवतं ते हेच, तो हवेत राहिलेला हात. मैत्रिणीने उपाय सांगितला नव्हता. तिने जागा दाखवली आणि प्रश्न विचारला. असा फीडबॅक देणारं एक माणूस जरी तुमच्याकडे असेल तर त्याला जपा, आणि त्याची फिल्म तुमच्याकडे येईल तेव्हा तितकाच वेळ द्या.

देताना काय करायचं तेही यातच आलं. एकदा सलग पाहायचं, मध्ये थांबवायचं नाही. पहिलं जे वाटलं ते दुसऱ्या कोणाचं मत वाचण्याआधी लिहून काढायचं. मग पुन्हा पाहून वेळ किंवा फ्रेम क्रमांक घालून टिपणं द्यायची. ‘अ‍ॅनिमेशन थोडं कडक वाटतं’ याचा समोरच्याला काही उपयोग नाही. ‘१:१२ला वळताना डोकं, खांदे आणि कंबर एकाच फ्रेमला सुरू होतात’ याचा आहे. आणि आपल्याला आवडेल अशी वेगळीच फिल्म त्याच्या गळ्यात मारायची नाही. तो विनोदी फिल्म करत असेल तर त्याला गंभीर करायला सांगणं हा फीडबॅक होत नाही.

पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शकांचा एक गट एकमेकांच्या अपुऱ्या फिल्म पाहून मोकळेपणाने बोलतो. त्याला ब्रेनट्रस्ट म्हणतात. तिथला एक नियम स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी वारंवार सांगितला आहे: या गटाला कसलाही अधिकार नाही. सांगितलेलं दिग्दर्शकाने केलंच पाहिजे असं नाही. मला या नियमाचं फार मोल वाटतं, कारण तो दोन्ही बाजूंना मोकळं करतो. सांगणारा बिनधास्त सांगू शकतो आणि ऐकणाऱ्याला बचाव करावा लागत नाही. तुम्हीही पाठवताना हे स्पष्ट लिहा की ‘सगळं सांगा, काय घ्यायचं ते मी ठरवीन’.

बचावावरून आठवलं. वाईट वाटणारच. चौदा महिने एकट्याने खपून केलेल्या गोष्टीवर कोणी तीन मिनिटांत बोट ठेवलं की अंगावर येतं, त्यात काही कमीपणा नाही. मी स्वतःसाठी एक शिस्त लावून घेतली आहे: त्या दिवशी उत्तर म्हणून फक्त ‘मनापासून धन्यवाद, बघते’. एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची टिपणं एका कागदावर, माणसांच्या नावांनी नाही तर फिल्मच्या वेळेप्रमाणे लावायची. ०:२०ला कोण काय म्हणालं, ०:५५ला कोण काय म्हणालं. नावं काढली की टोचणं बरंच कमी होतं आणि ठिकाणं दिसू लागतात. तीन वेगवेगळी मतं एकाच दहा सेकंदांभोवती गोळा झाली असतील तर मतं परस्परविरोधी असली तरी जागा नक्की झाली. एकट्यादुकट्या मताचं काय करायचं हे माझं मी ठरवते. वाचताक्षणी मनात ‘हे मला माहीतच होतं’ असं आलं तर ते घेतेच, मग सांगणारा एकटा का असेना.

आवाजाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तेव्हा थोडक्यात एवढंच. पात्रं बोलत असतील तर प, ब, भ, म या ओष्ठ्य अक्षरांना ओठ निदान दोन फ्रेम पूर्ण मिटलेले ठेवा, आणि ओठ आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी मिटू द्या. बाकीची अक्षरं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. ही ओष्ठ्य अक्षरं चुकली की लिप-सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, चुकलाय असं सगळे म्हणतात, पण कुठे ते कोणाला सांगता येत नाही.

आता जुन्या शॉटांचं. एकट्याने वर्षभर काम केलं की हात सुधारतो, आणि शेवटचा शॉट करताना पहिला शॉट पाहवत नाही. हे प्रत्येकाचं होतं. पण आत्ता मागे वळू नका. आत्ता पहिले दहा शॉट पुन्हा केलेत तर ते होईपर्यंत हात आणखी सुधारेल, मग मधले खुपतील, आणि फिल्म कधीच पूर्ण होणार नाही. अशा अर्धवट, पण सुंदर सुरुवात असलेल्या फिल्म मी कितीतरी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. आधी शेवटपर्यंत जा. मग पूर्ण फिल्म दोन आठवडे बंद ठेवा. उघडल्यावर चित्र आडवं उलटं करून, म्हणजे आरशात दिसतं तसं, एकदा सलग पाहा. तोल गेलेली चित्रं आणि अडखळणारी चाल त्यात चटकन दिसते. त्यातून फक्त ते शॉट निवडा जिथे पात्र पहिल्यांदा दिसतं किंवा पहिल्यांदा चालतं. पाहणारा पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत ठरवतो की या फिल्ममध्ये माणसं अशी हलतात, आणि पुढे तो ते मान्य करून चालतो. तेवढे दोन-तीन शॉट सुधारले की बाकीचे आपोआप खपून जातात. पुढच्या फिल्मला मात्र कामाची सुरुवातच मधल्या शॉटांपासून करा. पहिला आणि शेवटचा शॉट हात तयार झाल्यावर घ्या.

थांबायचं कधी, याचा मला एकच भरवशाचा पुरावा सापडला आहे. नव्या माणसांची टिपणं वेळेप्रमाणे लावली की आधी ती एका-दोन ठिकाणी दाटलेली असतात. दुरुस्त्या होत जातात तशी ती विरळ होत फिल्मभर विखुरतात. एकाला रंग हवा वेगळा, दुसऱ्याला नाव आवडत नाही, तिसऱ्याला मांजर अजून हवं होतं. दोन माणसं एका जागी बोट ठेवेनाशी झाली की उरलेल्या आवडीनिवडी आहेत. त्या दिवशी मी चित्राला कुलूप लावते, फाइलच्या तीन प्रती करते, त्यातली एक घराबाहेर, आणि फक्त आवाजावर काम करते.

तेव्हा तुम्ही आता पुढच्या शॉटचं चित्र काढायला घेऊ नका. झालेले शॉट आणि उरलेल्यांच्या जागी अ‍ॅनिमॅटिक असं जोडून, संगीत काढून, एक सलग फिल्म करा. अजून काहीही न पाहिलेली दोन माणसं शोधा, समोर बसवा, दाखवा, आणि म्हणा, “काय काय झालं ते मला गोष्टीसारखं सांगा.” ते सांगत असताना शेवटाच्या त्या खुणेचा उल्लेख येतो का आणि कुठे येतो, ते लिहून घ्या. आलाच नाही तर ती खूण असलेला शॉट किती फ्रेमचा आहे आणि त्यात त्याच वेळी काय हलतंय, ते मला कळवा. तिथून पुढे बोलू.